कॉलेजचा कॉलम लपवला तेव्हा काय झालं: एका फ्रेशर भरतीची पूर्ण केस

मी पुण्यात एका साठेक माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, ट्रान्सपोर्टवाल्यांना आणि गोडाऊनवाल्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गेली चार वर्षं फ्रेशर घेताना टेक्निकल बाजू माझ्याकडे असते, म्हणजे टेस्ट काढणं, तपासणं, इंटरव्ह्यूला बसणं. खाली जे लिहितोय ते २०२५ च्या बॅचच्या भरतीबद्दल आणि त्यातही मुख्यतः एकाच मुलीबद्दल आहे. तिला विचारून लिहितोय, नाव तिचंही नाही लिहीत आणि कंपनीचंही नाही. दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड (राज्याच्या एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की ओळखीतले पालक फोन करतात, "कॉलेजने खरंच फरक पडतो का हो?" आणि मी आपलं "पडतो, पण तेवढा नाही" असं गुळमुळीत सांगायचो. या केसनंतर मला ते नीट सांगता यायला लागलंय.

आधी आमची पद्धत. जागा तीन होत्या, जानेवारीत जाहिरात टाकली आणि पंधरा दिवसांत हजाराच्या वर अर्ज. एचआर मॅडम सगळे अर्ज एक्सेलमध्ये घेतात, नाव, फोन, दहावी, बारावी, सीजीपीए (डिग्रीचे सरासरी गुण), कॉलेज आणि कॉलेजच्या शेजारी "टियर" असा एक कॉलम. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी, सांगलीचं वालचंद अशी नावं टियर वन, पुण्या-मुंबईतली बरी खाजगी कॉलेजं टियर टू, आणि उरलेला अख्खा महाराष्ट्र एका शब्दात, "अदर". फिल्टर लावला की हजारातले दीडशे राहतात, त्यातले सीजीपीएनं वरचे चाळीस टेस्टला बोलवायचे, झालं. ही यादी काही वरून आलेली नाही, अर्धी मीच बनवलीय, आधीची दोन वर्षं मीच वापरली आणि त्या दोन वर्षांत "अदर"मधला एकही रेझ्युमे मी उघडून बघितला नव्हता. याचं मला आज वाईट वाटतं.

असं का करतो आपण, तर हिशोब साधा आहे. एक रेझ्युमे नीट वाचायला तीन मिनिटं धरली तरी हजार रेझ्युमेंना पन्नास तास लागतात, आणि ते पन्नास तास कोणाचे तर ज्याच्या डोक्यावर डिलिव्हरी बसलीय त्याचे. कॉलेजचं नाव बघणं म्हणजे चार वर्षांपूर्वी सीईटी या प्रवेश परीक्षेनं केलेली चाळणी फुकटात वापरणं. मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच मांडलं होतं, की मालकाला माणसाची कुवत थेट दिसत नाही म्हणून तो डिग्रीसारखी खूण बघतो, मग त्या डिग्रीत प्रत्यक्ष काय शिकवलं हे बाजूलाच राहतं. २००१ मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. आमच्या एक्सेलमधला तो टियरचा कॉलम म्हणजे हीच खूण, फक्त आम्ही ती इतकी वर्षं वापरली की ती खूण आहे हेच विसरलो आणि तिलाच गुणवत्ता समजायला लागलो.

२०२५ च्या बॅचच्या बाबतीत तर ही खूण अजूनच जड झाली होती, आणि त्याचं कारण मला फार उशिरा लक्षात आलं. ही पोरं २०२१ ला बारावी झालेली. त्या वर्षी कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही, दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मार्कांचे ४० टक्के असा फॉर्म्युला लावून निकाल लावला आणि राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के. म्हणजे "दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के पाहिजेत" ही आयटीवाल्यांची जुनी अट या बॅचला लावून फारसा उपयोग नाही, बारावीत जवळजवळ सगळेच पास. सीजीपीए घ्यावा तर एका विद्यापीठाचा आठ आणि दुसऱ्याचा आठ एक नसतो. रेझ्युमेचं म्हणाल तर चॅटजीपीटी आल्यापासून सगळे रेझ्युमे एकाच माणसानं लिहिल्यासारखे दिसतात आणि लास्ट इयरचे प्रोजेक्ट विकत मिळतात हे तर जुनंच दुखणं. बाकीची मापं अशी एकेक करून निकामी होत गेली की कॉलेजचं नाव आपोआप मोठं होत जातं, कोणी तसं ठरवलेलं नसतं.

त्यात मार्केट पडलेलं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १३ हजारांहून जास्त कमी झाली आणि इन्फोसिसची जवळपास २६ हजार. याचा फटका पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजला बसतोच, पण तिथे निदान स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या चार प्रॉडक्ट कंपन्या आणि दोन बँका तरी येतात. जळगाव, लातूर, बुलढाण्याकडच्या कॉलेजमध्ये येऊन येऊन याच मोठ्या भरतीवाल्या कंपन्या यायच्या, त्या थांबल्या की तिथला प्लेसमेंट सेल म्हणजे नोटीस बोर्ड नुसता. टीसीएसनं २०१८ मध्ये देशभर एकच नॅशनल क्वालिफायर टेस्ट सुरू केली तेव्हा छोट्या कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा दार उघडल्यासारखं झालं होतं, पण आत जागाच कमी असतील तर त्या दाराचा किती उपयोग.

तर आमची पहिली फेरी नेहमीसारखी झाली. चाळीस जणांना बोलावलं, सव्वीस जणांनी टेस्ट दिली, पाच इंटरव्ह्यूपर्यंत आले, तिघांना ऑफर दिली आणि जॉइन करतो म्हणाला फक्त एक. बाकी दोघांनी आमची ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पॅकेज घेतलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्या वयात मीही तेच केलं असतं. पण दोन जागा रिकाम्या राहिल्या आणि सर वैतागले. (सर म्हणजे आमचे मालक, कंपनीत सगळे सरच म्हणतात.) मी म्हणलं, यादीतल्या पोरांच्या मागे सगळेच आहेत आणि आपण त्या रांगेत शेवटचे, तर एकदा यादीच बंद करून बघू. टियरचा आणि कॉलेजचा दोन्ही कॉलम लपवायचे, उरलेल्या सगळ्यांना टेस्ट पाठवायची. मॅडम म्हणाल्या, "तपासणार कोण?" मी म्हणलं मी तपासतो, रविवार धरून.

टेस्टही बदलली. आधी कोडिंगचे ठराविक प्रश्न असायचे, ते आता एआय दोन मिनिटांत सोडवून देतं. त्याऐवजी एक छोटा चालू प्रोजेक्ट दिला, गाड्यांच्या फेऱ्यांवरून महिन्याचं बिल काढणारा, आणि सोबत कस्टमरची तक्रार की बिल जास्त येतंय. शोधा, दुरुस्त करा आणि काय सापडलं ते अर्ध्या पानात मराठी, हिंदी, इंग्लिश कशातही लिहा. एआय वापरा, हरकत नाही, पण नंतर कॉलवर समजावून सांगावं लागेल. कोडमध्ये तारखेची एक चूक मुद्दाम ठेवली होती, ती बऱ्याच जणांना सापडणार हे माहीत होतं. पण खरी चूक डेटात होती, एकच गाडी कुठे एमएच आणि १९ जोडून, कुठे मध्ये स्पेस सोडून, कुठे डॅश टाकून लिहिलेली, त्यामुळे प्रोग्रामला एका गाडीच्या तीन गाड्या दिसत होत्या आणि दर गाडीमागचं फिक्स भाडं तीनदा लागत होतं.

दोनशेच्या आसपास जणांनी टेस्ट पूर्ण केली. दुसरी चूक सापडली ती सात जणांना. त्यातल्या एकीनं जे लिहिलं होतं ते मी तसंच देतो: "कोड दुरुस्त केला तरी बिल चुकीचंच येईल कारण एकच गाडी तीन नावांनी आहे. एंट्री करणाऱ्याची चूक नाही, फॉर्मनं काहीही टाइप करू दिलंय." मी ते वाचून खुर्चीतून उठलोच. एंट्री करणाऱ्याची चूक नाही हे वाक्य आमच्याकडे पाच वर्षं काम केलेली माणसंसुद्धा लिहीत नाहीत, ती कस्टमरला मेल टाकतात की तुमच्या ऑपरेटरला नीट टाइप करायला सांगा.

मग कॉलम उघडला. सात जणांत तीन टियर वन-टूचे आणि चार "अदर". हिची एंट्री अदरमध्ये, जळगाव जिल्ह्यातलं एक कॉलेज, लोणेरेच्या बाटू विद्यापीठाला जोडलेलं, मी नावही ऐकलं नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे, कारण नाहीतर ही केस सांगणारे लोक अर्धीच सांगतात. चार विरुद्ध तीन बघून "बघा, कॉलेजने काही फरक पडत नाही" म्हणणं चूक आहे. नावाजलेल्या कॉलेजच्या साधारण तीस जणांनी टेस्ट पूर्ण केली होती, त्यात तीन, म्हणजे दहात एक. अदरवाले एकशे सत्तर होते, त्यात चार, म्हणजे चाळीस-पंचेचाळिसात एक. सरासरी बघितली तर आमची यादी काही खोटं बोलत नव्हती. ती फक्त हे सांगत नव्हती की तिच्यावर विसंबून आपण सातातले चार घालवतोय, ते चार जण दुसऱ्या कोणालाच नको आहेत, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या कंपनीला मिळण्यासारखे नेमके तेच आहेत. एका कंपनीतला एका वर्षाचा आकडा आहे हा, याच्यावर मी सगळ्या जगाचा नियम बांधत नाही. पण आमच्यापुरता तो पुरेसा होता.

इंटरव्ह्यू ऑनलाइन झाला. पहिली दहा मिनिटं इंग्लिशमध्ये, आणि ती अडखळत होती, प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवतेय हे दिसत होतं. मी म्हणलं, "मराठीत बोला, काही अडचण नाही." त्यानंतर ती जी सुटली! गाडी नंबरचं कसं लक्षात आलं विचारलं तर म्हणाली, "सर, माझे वडील एसटीत मेकॅनिक आहेत. डेपोच्या रजिस्टरमध्ये एकच गाडी प्रत्येकजण वेगळी लिहितो, लहानपणी मी ते बघितलंय. डेटा बघताना आधी तेच आठवलं."

कॉलेज का असं निवडलं हे मी इंटरव्ह्यूत विचारलं नाही, विचारायचा मला अधिकारही नव्हता. ते तिनं पुढे डबा खाताना सहज सांगितलं. सीईटीला ९४ पर्सेंटाइल होते, पुण्यात बऱ्यापैकी कॉलेजला कॉम्प्युटर मिळालं असतं. पण २०२१ चे कॅप राउंड झाले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि नेमका तेव्हाच एसटीचा संप सुरू झालेला, जो पुढे एप्रिलपर्यंत चालला. घरात पगार बंद. फीमध्ये ५० टक्के सवलत मिळणार होती, पण पुण्यातलं होस्टेल आणि मेस यांना सवलत कोण देतं? तिनं ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला घरापासून वीस किलोमीटरवरचं कॉलेज टाकलं, आणि पहिला प्रेफरन्स लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. झालं, एका संध्याकाळी सायबर कॅफेत बसून भरलेल्या फॉर्मनं ती आमच्या एक्सेलमध्ये "अदर" झाली. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची फी १०० टक्के माफ करायचा निर्णय सरकारनं २०२४ च्या जुलैत घेतला, तोवर ती लास्ट इयरला पोचली होती.

मला हे ऐकून जे वाटलं ते असं की आम्ही ज्याला चार वर्षांपूर्वीची फुकटची चाळणी म्हणतो तिच्यात अक्कल किती चाळली जाते आणि बापाचा त्या महिन्याचा पगार किती, हे आम्हाला वेगळं करताच येत नाही, आणि करायचा प्रयत्नही कोणी करत नाही.

आता निवड झाल्यावरचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. मी समजत होतो की टेस्ट आणि इंटरव्ह्यू पार केला की कॉलेजचा विषय संपतो. तो तिथे दुसऱ्यांदा सुरू होतो. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाला साडेपाच लाखांचं पॅकेज दिलं होतं. हिच्यासाठी मॅडमनी ३.६ लिहिलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "अहो ती घेईल ना, तिला दुसरी ऑफर नाहीये." मॅडम वाईट नाहीत, त्यांना बजेट सांभाळायचं असतं आणि मार्केटमध्ये असंच चालतं. पण बघा पुढे काय होतं. दोन वर्षांनी दोघं नोकरी बदलणार, नवीन कंपनी विचारणार "करंट सीटीसी किती", म्हणजे आताचं पॅकेज किती, आणि त्यावर ३० टक्के देणार. अजून दोन वर्षांनी पुन्हा तेच. साडेपाचचे होतात ९.३ आणि ३.६ चे होतात ६.१, सुरुवातीचा १ लाख ९० हजारांचा फरक चार वर्षांत ३ लाख २० हजारांवर जातो, काम दोघांचं सारखं असलं तरी. नावाची किंमत अशी पगाराच्या आकड्यात जाऊन बसते आणि मग कॉलेज कोणीही विचारत नसलं तरी ती चालूच राहते.

मी सरांकडे गेलो. सरांनी वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण क्लायंटला प्रोफाइल पाठवतो तेव्हा त्यात कॉलेज असतं. मुंबईच्या क्लायंटनं मागच्या वेळी एका पोराचं प्रोफाइल बघून विचारलं होतं, हे कुठलं कॉलेज? मी काय सांगू?" ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सर्व्हिस कंपनीत माणूस घेणारा मालक हा शेवटचा गिऱ्हाईक नसतो, तो ती माणसं पुढे दाखवत असतो, आणि पुढचा माणूस तर टेस्टही बघत नाही, फक्त कागद बघतो. बराच वेळ वाद झाला. शेवटी ४.८ ठरलं आणि सहा महिन्यांनी काम बघून साडेपाच. मी ते मान्य केलं कारण नाहीतर जागाच गेली असती. पण टेस्ट एक, काम एक आणि पगार दोन, हे मला आजही पटलेलं नाही.

जुलैत ती जॉइन झाली. पहिले तीन महिने जड गेले, हेही लिहितो. गिटमध्ये (टीमचा कोड एकत्र ठेवायचं साधन) तिचे आणि दुसऱ्याचे बदल आदळून कॉन्फ्लिक्ट आला की ती फोल्डरच कॉपी करून ठेवायची, सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, दोन वाक्यं बोलून गप्प, आणि अडली की विचारायचीच नाही, रात्री अकरापर्यंत एकटी झगडत बसायची. शेजारच्या डेस्कवरचा टियर वनचा मुलगा यातलं सगळं आधीच करून आलेला. मी दोघांशी बोलत बसायचो तेव्हा कळलं की त्याला हे वर्गात कोणी शिकवलेलं नाहीये. कॉलेजचा कोडिंग क्लब होता, स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या स्पर्धेला टीम जायची, आणि सेकंड इयरपासून सीनियर्सनी गिटवर कामं करायला लावली, त्याच सीनियर्सनी इंटर्नशिपला नाव सुचवलं. हिच्या कॉलेजात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, प्रॅक्टिकल म्हणजे मॅन्युअल बघून फाइल लिहायची, आणि सीनियर पासआउट झाला की बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करायला निघून जायचा. नावाजलेलं कॉलेज प्रत्यक्षात काय देतं असं मला कोणी विचारलं तर मी आता सीनियर्स म्हणतो. हेच मी पालकांना सांगतो, की फी आणि होस्टेल झेपत असेल तर चांगल्या कॉलेजला जरूर टाका, पण बिल्डिंग आणि पॅकेजचे फ्लेक्स बघू नका, मागच्या दोन बॅचची पोरं कुठे आहेत आणि ती ज्युनियरचा फोन उचलतात का ते विचारा. आणि झेपत नसेल तर पोराला पहिल्या वर्षापासून बाहेरचे सीनियर्स शोधून द्या, ओळखीतला कोणीही कामाला असलेला मुलगा चालेल, आठवड्याला एक तास.

आम्ही तेच केलं, टीममधली एक मुलगी रोज अर्धा तास तिच्याबरोबर बसायची. ऑक्टोबर संपेपर्यंत गिटचा विषय संपला होता. दिवाळीनंतर तिनं स्वतःहून गाडी नंबरचा फॉर्म बदलायचं काम मागून घेतलं, आमच्या सगळ्या कस्टमरसाठी, तो आता कसाही टाइप केला तरी एकच नंबर धरतो. जानेवारीत तिचा पगार साडेपाच झाला. सहा महिन्यांच्या मधल्या फरकाचे पैसे मागितले होते मी, ते मिळाले नाहीत.

या वर्षीच्या भरतीत टेस्ट तपासायला ती माझ्याबरोबर होती. तिनं पहिली गोष्ट सुचवली की टेस्टची वेळ तीन तासांची ठेवू नका, शनिवार-रविवार द्या, गावाकडे लाइट गेली की टॉवरची रेंज पण जाते आणि पोरगं वेळेत जमा करू शकत नाही. ते केलं. एक्सेलमध्ये टियरचा कॉलम आता नाही, कॉलेजचा आहे पण तो ऑफर लेटर भरतानाच उघडतो. पॅकेज जागेवर ठरतं, माणसावर नाही, हे सरांनी मेलमध्ये लिहून दिलंय. क्लायंटला जाणाऱ्या प्रोफाइलमधून मात्र कॉलेजची ओळ काढायला ते अजून तयार नाहीत, मार्चमध्ये परत एकदा विचारलं तर म्हणाले पुढच्या क्वार्टरला बघू.